नोकरी सुटली तरी कागद सोडू नका



आज बहुतेक घरांतला एखादा मुलगा चाकण, रांजणगाव, सातपूर किंवा वाळूजच्या कारखान्यात कामाला असतो. त्याच्या पगारावर खते-बियाणे येतात, धाकट्यांची शिक्षणे होतात. त्याची नोकरी सुटली की घर हवालदिल होते. नोकरी गेल्यावर काही काळ भत्ता मिळण्याची सोय आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आणि तो मिळणे न मिळणे हे नोकरी कशी सुटली, यावर अवलंबून असते.

सोय कोणती?

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी कामगार राज्य विमा, म्हणजेच ई.एस.आय. आहे. त्याची वर्गणी वेतनाच्या पाऊण टक्का कामगाराकडून कापतात, सव्वातीन टक्के मालक भरतो.

या विम्याखाली २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. तीत बेकारीच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळते. रोज ५०० रुपये पडत असतील तर ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात. त्यासाठी दोन वर्षे विमा असावा लागतो. शिवाय नोकरी सुटण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी आणि त्यापूर्वीच्या तीनपैकी एका सहामाहीत तेवढीच वर्गणी भरलेली लागते. ही योजना मुदतीची असून तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. म्हणून अर्जापूर्वी शाखा कार्यालयात चौकशी करावी.

कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कामगार कपात झाली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. ती १ एप्रिल २००५ पासून लागू झाली.

पाणी कोठे मुरते?

गारपिटीने पीक गेले तर पंचनामा होईपर्यंत आपण शेत मोकळे करीत नाही. नोकरीचेही तसेच आहे. पुष्कळ मुले मृग लागला की पेरणीसाठी गावी येतात, महिनाभर राहतात आणि कारखान्याला कळवतही नाहीत. तिकडे ‘न कळवता गैरहजर’ अशी नोंद होते. आपण होऊन काम सोडले असे ठरले, की भत्त्याचा हक्क जातो. गैरवर्तनाबद्दल काढून टाकले, तरीही तो मिळत नाही.

दुसरी गोष्ट राजीनाम्याची. कपात करायची असली की ‘राजीनाम्यावर सही कर, हिशेब लगेच देतो,’ असे काही ठिकाणी सांगतात. मुलगा घाईने सही करतो. वास्तविक वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. एका सहीने हे सारे हातचे जाऊ शकते.

एवढे अवश्य करावे

१. सुगीला किंवा पेरणीला येण्यापूर्वी रजेचा लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. गावी मुक्काम वाढला तर स्पीड पोस्टाने कळवावे आणि पावती जपावी.

२. कंत्राटदार बदलला तरी विमा क्रमांक जुनाच चालू ठेवावा. नवा काढल्यास आधीची वर्षे मोजताना अडचण येते.

३. कपात झाल्यास तसे लेखी मागावे. वाचल्याशिवाय कोठेही सही करू नये.

४. पगारपत्रके, नेमणूकपत्र व बँकेचे पासबुक एकत्र ठेवावे. नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांनंतर भत्त्याची मागणी करता येते.

५. अर्जात नोकरी सुटण्याचे कारण खरे तेच लिहावे.

ऊस घातल्यावर वजनाची पावती आपण घडी करून खिशात ठेवतो. मुलाच्या घामाचीही पावती तशीच जपली पाहिजे. या दिवाळीला तो घरी आला की त्याचे कागद एकदा मागवून पाहा.