फकिरा, चिमुरात वाचताना

चिमूरहून अण्णाभाऊंचं वाटेगाव म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसरं गाठणं. तिकडे सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका, वारणेचा मुलूख. इकडे धानाच्या बांध्या, मोह, तेंदू आणि ताडोब्याचं रान. बोलीही निराळी. तरीही अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ आमच्या भागातला वाचक हाती घेतो तेव्हा त्याला फार काही समजावून सांगावं लागत नाही. सरकारच्या दप्तरात दरोडेखोर आणि घरच्यांच्या लेखी पोशिंदा, अशी माणसं या मुलखाने पाहिलेली आहेत.

मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली ती गोष्टीच्या ओढीने. सुरुवातच तशी आहे. शिगावच्या जत्रेतली मानाची खूण, जोगणी, पळवून आपल्या गावात आणायची, म्हणजे जत्रेचा मान आपल्या गावाकडे येतो. शिगावच्या हद्दीत सापडला तर आणणाऱ्याची मान जाते; हद्द ओलांडली की त्याला हात लावायचा नाही. राणोजी मांग वाटेगावासाठी जोगणी आणतो आणि दगाफटक्याने मारला जातो. गावाला मान मिळतो, त्याच्या घराला पोरकेपण. फकिरा हा त्या राणोजीचा मुलगा. इथून पुढे साधी सूडकथा होणार, असं कुणालाही वाटेल. पण बापाचा मारेकरी खोत तलवारीच्या टप्प्यात येतो तेव्हा फकिरा त्याचा जीव घेत नाही. गावकुसाबाहेर राहणारा हा माणूस नियम पाळतो. नियम मोडणारा असतो तो खोत.

त्यानंतर दुष्काळ येतो. मांगवाड्यात माणसं उपाशी मरू लागतात. विष्णुपंत कुलकर्णी हे गावातलं वजनदार माणूस, आणि तेच सांगतात की काहीही करा, पण जगा. फकिरा आणि त्याचे साथी धान्य लुटतात. पुढे मांगांवर हजेरी बसते, छळ वाढतो आणि गोष्ट थेट इंग्रजांच्या खजिन्याच्या लुटीपर्यंत जाते. कादंबरीतला सगळ्यात धारदार भाग मला हजेरीचा वाटतो. गुन्हा नाही, खटला नाही, तरी रोज पाटलापुढे जाऊन ‘मी पळालो नाही’ हे सिद्ध करायचं.

ही लेखकाच्या कल्पनेची भरारी नव्हे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. जमात एकदा यादीत गेली की तिच्यात जन्मलेलं मूलही संशयित. नावनोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला परवाना. काहींना तर सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसवलं गेलं. शिक्का आधी आणि गुन्हा नंतर, असा हा उलटा कारभार. अण्णाभाऊंनी कायद्याचं नाव घेऊन व्याख्यान दिलं नाही, एका माणसाची गोष्ट सांगितली. फकिरा त्यांच्या नात्यातलाच. त्याच्या कहाण्या ऐकतच ते वाढले. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवसाची. वाटेगावाहून बापासोबत पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यामुळे ‘फकिरा’चं गद्य डोळ्यांपेक्षा कानासाठी लिहिल्यासारखं आहे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत रात्र रात्र दंडार आणि नाटक पाहणाऱ्या आमच्या झाडीपट्टीच्या माणसाला हे लगेच ओळखता येतं: प्रवेश ठसठशीत, संवाद मोजके, प्रसंग चढत जाणारा. मोठ्याने वाचून पाहा.

आता आमच्या बाजूचं. बाबुराव शेडमाके हा चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, जमीनदार घराण्यातला गोंड तरुण, जन्म १८३३ चा. १८५७ च्या धामधुमीत त्याने जंगोम सेना उभारली, इंग्रजांशी लढाया केल्या. त्याला पकडायला फौज पुरली नाही, तेव्हा अहेरीच्या जमीनदारीवर दबाव आला आणि आपल्याच माणसांकरवी तो इंग्रजांच्या हाती लागला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. कादंबरीच्या शेवटी फकिराही लढाईत हरत नाही. सरकार त्याची माणसं ओलीस धरते, आणि त्यांच्यासाठी तो स्वतःहून समोर येतो. तलवारीने हाती न लागणारा माणूस नात्याने बांधून आणायचा, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच.

आणि चिमूर? १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मिरवणूक, पोलिसांचा गोळीबार, त्यात बळी गेलेला बालाजी रायपूरकर, मग भडकलेला जमाव आणि चार सरकारी माणसांचा मृत्यू. झाडं आडवी टाकून रस्ते बंद केले गेले आणि तीन दिवस इथे इंग्रजांचा अंमल उरला नाही. १९ तारखेला लष्कर आलं. पुरुषांना धरून नेलं आणि घराघरांत मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. कागदोपत्री अख्खं गावच आरोपी होतं. या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी उपोषण मांडलं, ते त्रेसष्ट दिवस चाललं आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटलं. चिमूरच्या फाशीच्या कैद्यांची शिक्षा पुढे जन्मठेपेवर आली. हे ऐकत मोठा झालेला माणूस ‘फकिरा’तला मांगवाड्यावरचा छळ वाचतो, तेव्हा त्याला ते शंभर कोसांवरचं वाटत नाही.

तरी तुलना फार ताणू नये. चिमूरला नंतर क्रांतिभूमी म्हटलं गेलं, हुतात्मा स्मारक झालं. फकिराच्या वस्तीतल्या माणसांच्या वाट्याला स्वातंत्र्यानंतरही संशय उरला, आणि त्यामागे जात होती. अण्णाभाऊंनी हे पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलं आहे, ते उगाच नाही. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर लगेच, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्यानंतर तीनच वर्षांनी आलेली ही कादंबरी इकडे अनेक वाचक त्या घटनेच्या उजेडात वाचतात.

दोष आहेत. फकिरा जरा जास्तच निर्मळ आहे. त्याच्या मनात क्षुद्र विचार येतच नाही. बायका शूर आहेत, सोसतात, पण त्यांना स्वतःची अशी गोष्ट नाही. वास्तववादाची फूटपट्टी लावणारे समीक्षक इथे नाक मुरडतात. मला मात्र वाटतं की ज्या माणसांना पिढ्यानपिढ्या नुसतं चोर म्हणून नोंदवलं, त्यांच्या पहिल्या मोठ्या नायकाला थोडं उजळ दाखवण्याचा हक्क लेखकाला आहे. वि. स. खांडेकरांनी प्रस्तावना लिहिली, १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, १९६३ मध्ये चित्रपट निघाला. एवढं होऊनही अण्णाभाऊंची अखेरची वर्षं हलाखीत गेली आणि १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते गेले.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. विमुक्त जमाती हा दिवस आजही पाळतात. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. ते कागदावर जातीचं नाव घेत नाहीत, व्यक्तीचं घेतात. वस्तीवर धाड घालणाऱ्याला मात्र पत्ता जुनाच ठाऊक असतो. मुंबई राज्याचा असा कायदा झाला त्याचं साल १९५९. ‘फकिरा’ आली तेच वर्ष.