संगणक टीव्हीला जोडल्यावर चित्राच्या कडा का कापल्या जातात?

कोलकाता : मध्य कोलकात्यातील चांदनी चौकाच्या गल्ल्यांत एचडीएमआय केबल कोणत्याही दुकानात मिळते. ती संगणक आणि टीव्हीला जोडली की काम संपले, असा समज असतो. चित्र उमटतेही, मात्र खालची टास्कबार अर्धी गायब आणि अक्षरे धूसर. अशा वेळी केबल बदलून पाहण्याकडे कल असतो. बहुतेकदा दोष तिचा नसतो. संगणक पाठवीत असलेल्या चित्राचा आणि पडद्यावरील बिंदूंचा मेळ बसलेला नसतो, इतकेच.

सपाट पडद्यावरील बिंदूंची संख्या कारखान्यातच ठरते. ‘फुल एचडी’ संचात ती १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख असते. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक संचांत १३६६ × ७६८, म्हणजे जवळपास निम्मी. चित्र याच मापाचे आले तर प्रत्येक बिंदूला आपला बिंदू मिळतो. अन्यथा संच ते ताणतो किंवा आक्रसतो. चित्रपटात हे खपून जाते, अक्षरांत नाही.

केबल जोडताच टीव्ही आपली मापे संगणकाला कळवतो. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमधील ‘रेकमेंडेड’ असा शेरा असलेले माप सहसा त्यावरूनच ठरते व तेच निवडावे. लॅपटॉपचेच चित्र टीव्हीवर ‘डुप्लिकेट’ केल्यास मात्र दोन्ही पडद्यांना एकच माप स्वीकारावे लागते आणि मोठ्या पडद्याचे नुकसान होते. विंडोज व पी ही बटणे एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडल्यास ही अडचण सुटते.

कडा कापल्या जाण्यामागे जुनी सवय आहे. कोलकात्यात १९७५ मध्ये दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हाचे संच काचेच्या नळीचे होते. नळीच्या कडेला चित्र वाकडेतिकडे होई; ते दिसू नये म्हणून चित्र पडद्यापेक्षा किंचित मोठे ठेवले जाई. नळी गेली, तरी अनेक सपाट संचांनी ही पद्धत चालू ठेवली. तिला ‘ओव्हरस्कॅन’ म्हणतात. त्यावरचा उपाय संगणकात नव्हे, टीव्हीच्या रिमोटवर शोधावा : चित्राच्या मापाच्या यादीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ असा पर्याय असतो, नाव कंपनीगणिक बदलते. काही संचांत त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव दिले की काम होते.

उलट, प्रत्येक काळी पट्टी हा दोष नव्हे. सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’ची चौकट जवळजवळ ४:३ आहे. १९९३ मध्ये लंडनमधील आगीत या चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हची हानी झाली. अत्यंत कष्टाने केलेली त्याची ४के प्रत २०१५ मध्ये प्रदर्शित झाली. ती १६:९ च्या पडद्यावर पाहताना दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, ते राहू द्यावेत. पडदा भरण्याच्या हट्टापायी ‘वाइड’ निवडले, तर दुर्गाचा चेहरा आडवा फुगतो.

४के संचाच्या बाबतीत मात्र केबलवरचा संशय रास्त ठरू शकतो. ३८४० × २१६० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पूर्ण रंगांसह पाठवण्यास एचडीएमआय २.० लागते, आधीच्या १.४ आवृत्तीवर ते ३० वरच अडते आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. संगणकाचे पोर्ट, केबल आणि टीव्हीचे पोर्ट यांपैकी एक जुने असले, तरी पुरते.