काळा घोडा: चित्रकारांच्या कट्ट्यावर दोन दिवस

मुंबईला दोन दिवसांच्या सहलीसाठी येणारे बहुसंख्य पर्यटक गेटवे ऑफ इंडिया पाहतात, मरीन ड्राइव्हवर फेरफटका मारतात आणि परतीची गाडी पकडतात. गेटवेपासून दहा-पंधरा मिनिटे चालले, की काळा घोडा परिसर लागतो. आधुनिक भारतीय चित्रकलेचा एक महत्त्वाचा अध्याय या छोट्याशा परिघात घडला, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. शनिवार-रविवारची संपूर्ण सुट्टी या एकाच परिसराला द्यावी, एवढे संचित येथे निश्चित आहे.

ज्या पुतळ्यावरून परिसराचे नाव पडले, तो आज येथे नाही. ब्रिटनचा युवराज, म्हणजेच पुढचा राजा सातवा एडवर्ड, याचा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला आणि १८७९ मध्ये त्याचे अनावरण झाले. मुंबईकरांनी स्वाराला बाजूला सारून चौकाला घोड्याचेच नाव दिले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवण्यात आला, नाव टिकले. २०१७ मध्ये येथे नवा घोडा उभारण्यात आला, तो स्वाराविना.

कला नेमकी याच ठिकाणी का रुजली, याचे उत्तर शहराच्या रचनेत आहे. १८६०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडण्यात आला. ‘रॅम्पार्ट रो’ या जुन्या नावात त्या तटाची आठवण अजून शिल्लक आहे. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात सार्वजनिक वास्तू उभ्या राहिल्या. डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली, १९११ मध्ये कावसजी जहांगीर सभागृह बांधले गेले आणि १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जनतेसाठी खुले झाले. १८५७ मध्ये स्थापन झालेले सर जे. जे. कला विद्यालयही फार दूर नाही. शिक्षण, ग्रंथ, संग्रह आणि प्रेक्षक अशा चारही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर एकत्र आल्या.

या वातावरणात १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सोझा, पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, सय्यद हैदर रझा, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे सहा जण त्याचे संस्थापक. हुसेन सिनेमाची भव्य फलके रंगवून पोट भरत होते, आरांनी घरगडी म्हणून काम केले होते. १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात या गटाचे प्रदर्शन भरले. लवकरच सोझा व बाकरे लंडनला, तर रझा पॅरिसला गेले आणि १९५६च्या सुमारास गट विसर्जित झाला. त्याने दिलेली दिशा मात्र कायम राहिली.

हे कलावंत येथे राहत नव्हते. ते येथे जमत असत. हा परिसर त्यांची वस्ती नव्हे, तर कट्टा होता, आणि कट्ट्याला दोन गोष्टी लागतात: चित्र लावायला भिंत आणि बसायला खुर्ची. भिंत दिली ती १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाने. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ते उभे राहिले. तेथे प्रवेश विनामूल्य आहे, आणि प्रदर्शनाची तारीख मिळावी म्हणून चित्रकार आजही वर्षानुवर्षे प्रतीक्षा करतात.

खुर्च्या मात्र एकेक करून उठल्या. दालनातील ‘समोवार’ हे उपाहारगृह १९६४ मध्ये सुरू झाले. कलावंतांच्या गप्पांचे ते हक्काचे ठिकाण २०१५ मध्ये बंद झाले. समोरचे ‘ऱ्हिदम हाऊस’ हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये मिटले. जे. जे.त शिकलेले कवी अरुण कोलटकर ज्या ‘वेसाइड इन’मध्ये बसून चौकाकडे पाहत, तेही राहिले नाही. या चौकातील फुटपाथवरच्या माणसांवर लिहिलेला त्यांचा इंग्रजी काव्यसंग्रह २००४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवाने लाखोंची गर्दी आणली. तथापि महोत्सव काही दिवसांचा असतो आणि कट्टा वर्षभराचा असावा लागतो. स्वस्तात तासन् तास बसू देणाऱ्या जागा गेल्या, तर नवे कलावंत एकमेकांना भेटणार कोठे, हा प्रश्न येथे फिरताना पाठ सोडत नाही.

दोन दिवसांची आखणी सोपी आहे. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दोन्ही स्थानकांवरून पायी येता येते. शनिवारी अकराच्या सुमारास जहांगीर कलादालनापासून आरंभ करावा, नंतर डेव्हिड ससून ग्रंथालयाची दगडी वास्तू व आसपासच्या गल्ल्या पाहाव्यात. रविवार दोन संग्रहांसाठी राखावा. कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते. समोरच्या वस्तुसंग्रहालयातील लघुचित्रे पाहिल्यावर आधुनिकांनी काय सोडले आणि काय घेतले, हे अधिक स्पष्ट होते.

जहांगीरमध्ये बहुधा स्वतः चित्रकारच आपल्या चित्रांपाशी बसलेला असतो. बाहेरच्या फुटपाथवर तरुण कलावंत चित्रे मांडून उभे असतात. त्यांच्याशी बोलायला तज्ज्ञ असावे लागत नाही. ‘हे चित्र कसे सुचले?’ एवढा एक प्रश्न पुरेसा असतो. गेलेल्या खुर्च्या पर्यटकाला परत आणता येणार नाहीत, पण ते संभाषण सुरू ठेवणे त्याच्या हाती आहे.