अर्ध्या कोयत्याचे आरोग्य कुणाच्या हिशेबात?

२५ मार्च २०२० रोजी देश बंद झाला. घरात बसा, हात धुवा, अंतर ठेवा, असे सरकार सांगत होते. पण साखर जीवनावश्यक ठरली. कारखान्यांची धुराडी पेटती राहिली आणि बीडहून पश्चिम महाराष्ट्रात आलेली ऊसतोड मजूर बाई फडात कोयता चालवत राहिली. बसायला तिला घर नव्हते, ताडपत्रीची कोपी होती. कोपीला कोपी लागलेली, तिथे अंतर कसले? प्यायचे पाणीच लांबून आणायचे, तिथे हात कशाने धुवायचे?

गाळप संपले तेव्हा गावाची वाट बंद होती. १७ एप्रिलला राज्य सरकारने परतीची परवानगी दिली, तेव्हा ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत सुमारे १ लाख ३१ हजार मजूर असल्याचे सरकारनेच सांगितले. ऊस उभा होता तोवर मजूर अत्यावश्यक होता. ऊस संपताच तो रोगाचा संशयित झाला!

महामारीने बाईचे दुखणे निर्माण केले नाही. ते आधीपासूनच होते. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हाती, हिशेब मुकादमाच्या वहीत आणि बाई म्हणजे अर्धा कोयता. पहाटे तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीत भरणी, मध्येच स्वयंपाक आणि लेकरे. संडास नाही, न्हाणीघर नाही. पाळीतही काम चुकत नाही, कारण खाडा पडला की दंड बसतो. कंबर जाते, अंग बाहेर येते, पांढरे जाते. मग 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या काळात बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक! याला वैयक्तिक आजार म्हणायचे की धंद्याचा आजार?

कायदा कुठे होता? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात निवारा आणि मोफत औषधोपचाराची तरतूद होती. पण बीडची बाई बेळगावच्या फडात गेली तरच तो लागू. कोल्हापूरला गेली तर नाही, कारण राज्याची सीमा ओलांडली नाही. जणू मोळीचे वजन सीमेवर बदलते! महामारी चालू असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये, संसदेने व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची नवी संहिता मंजूर केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू होऊन जुना कायदा गेला. स्थलांतरितांच्या प्रकरणाला नव्या संहितेतही आंतरराज्य हीच अट आहे. उलट पूर्वी ५ मजुरांना लागू होणारे संरक्षण आता १० मजुरांवर गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्याने तिच्या विश्रांतीचा भारही उचलला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. जवळपास शंभर वर्षांनंतर साखरेच्या धंद्याला हा साधा न्याय लावता येत नाही का?

ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, पण बाई स्वतंत्र कामगार म्हणून कागदावर आल्याशिवाय त्याचा उपयोग काय? म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक बाईची तिच्या नावाने नोंद आणि तिच्या खात्यात मजुरी. हंगामाआधी व नंतर मोफत तपासणी. फडावर पाणी आणि संडास. आजारपणाच्या खाड्याला दंड नाही. आणि या सगळ्याची जबाबदारी मुकादमावर न ढकलता कारखान्यावर.

फडात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत, बौद्ध आहेत. हा प्रश्न एका जातीचा नाही. २०२० मध्ये मजुरांना परत पाठवायचे होते तेव्हा सरकारला मोजणी जमली. मग हक्क देताना का जमत नाही? दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात. त्याआधी प्रत्येक गावच्या विहारात कार्यकर्त्यांनी बसून जाणाऱ्या बायांची यादी करावी, त्यांची नावे लिहावीत आणि ती यादी तहसीलदाराच्या टेबलावर ठेवावी. वहीत नाव नसलेल्या माणसासाठी न्यायालयात उभे राहणे किती कठीण असते, हे आम्हा वकिलांना रोज दिसते.