छोटा कोर्स, पण पुढचे दार उघडे

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो, 'डिग्री होईल ना?' हुनर शिकवणारा छोटा कोर्स आपण कमी मार्कांच्या मुलासाठी राखून ठेवतो. जपानमध्ये काय चालते, ते पाहू या.

तिथे बारावीनंतर विद्यापीठाखेरीज दोन मोठ्या वाटा आहेत. 'तांकी दाइगाकु' म्हणजे दोन-तीन वर्षांचे कॉलेज. १९५० साली ते तात्पुरती सोय म्हणून सुरू झाले आणि १९६४ साली कायम झाले. बालवाडीच्या शिक्षिका, आहारतज्ज्ञ इथे घडतात. विद्यार्थ्यांत बहुतेक मुलीच. आता मुली चार वर्षांच्या विद्यापीठांकडे वळल्या आणि जन्मदरही घटला, त्यामुळे अशी बरीच कॉलेजे बंद पडली.

दुसरी वाट १९७६ पासूनच्या 'सेन्मोन गाक्को'ची. नर्सिंग, स्वयंपाक, केशकर्तन, मोटार दुरुस्ती, कॉम्प्युटर असे थेट कामाचे शिक्षण तिथे मिळते. याशिवाय १९६२ साली उद्योगांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून 'कोसेन' निघाली. तिथे पंधराव्या वर्षी प्रवेश घेऊन मुले पाच वर्षे शिकतात.

खरी गोष्ट पुढेच आहे. तांकी दाइगाकु, कोसेन आणि ठरावीक सेन्मोन गाक्को पूर्ण केलेल्यांना विद्यापीठात मधल्या वर्षाला प्रवेश मागता येतो. आधी हाताला काम, मग हवी तर डिग्री.

आपल्याकडेही डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणून मुलांसाठी कोर्स निवडताना आपण एवढे जरूर विचारू या : यातून कोणते काम हाती येईल आणि पुढे शिकायची वाट उघडी राहील का?