साथीच्या काळातले दवाखाने : लेखांक ५ – मोडलेले हाड किती थांबेल?

मागच्या आठवड्यात साथीतल्या बाळंतपणांविषयी लिहिले होते. या आठवड्यात हाडांकडे वळू.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली ती नेमकी मोहाच्या हंगामात. शहरांतले रस्ते ओस पडले, अपघात कमी झाले. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोह गळायचा थांबत नाही. पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन वेचायला जावेच लागते, आणि त्याच वेळी अस्वलही मोह खायला आलेले असते. मोहामागून तेंदूपत्ता, चारोळी, मध. पडणे, घसरणे, फांदी मोडणे हे साथ आली म्हणून टळत नाही.

त्या वर्षी ठरवून करायची ऑपरेशने देशभर पुढे ढकलली गेली: गुडघा बदलणे, खुबा बदलणे, जुना रॉड काढणे. निर्णय योग्य होता. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झालेल्या या रुग्णांपैकी जवळपास २४ टक्के तीस दिवसांत दगावले आणि निम्म्यांच्या फुप्फुसांत बिघाड झाला. पुढच्या वर्षी लाखाहून अधिक रुग्णांच्या पाहणीतून निष्कर्ष निघाला की, कोविड झाल्यावर शक्य असेल तिथे सात आठवडे थांबावे.

पण सगळी हाडे सात आठवडे थांबत नाहीत. कातडी फाडून बाहेर आलेले हाड तर एक रात्रही थांबू नये. त्याला लवकरात लवकर प्रतिजैविक द्यायचे आणि जखम साफ करायची. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर दोन दिवसांत ऑपरेशन व्हावे, नाहीतर अंथरुणाला खिळून न्यूमोनिया, पाठीला जखमा आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. कोविडमध्ये रक्त तसेही गोठू पाहते, म्हणून हा धोका दुहेरी. उलट गळ्याजवळची हसळी किंवा मनगटाचा साधा मोड बहुतेक वेळा झोळी आणि प्लास्टरवर जुळतो. साथीच्या काळात हाडांच्या डॉक्टरचे खरे कौशल्य ही निवड करण्यात असते.

ज्याचे ऑपरेशन थांबवता येत नाही, त्याची कोविडची तपासणी करायची, पण अहवालासाठी अडून बसायचे नाही. तो बाधित आहे असे धरूनच काम करायचे. सुरुवातीला इथले नमुने नागपूरला जात. शिवाय ‘पाय मोडला अन् नाकात काडी कायले?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर शांतपणे द्यायला एक माणूस दारात उभा हवा. शक्य तिथे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. घशात नळी घालावी लागत नाही, तोंडावरचा मास्कही राहतो. ड्रिल आणि करवतीने बारीक तुषार उडतात, म्हणून थिएटरात मोजकीच माणसे ठेवायची. टाके विरघळणारे घालावेत. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. टाके काढायला तेवढ्या लांब बोलावणे अन्यायाचे आहे.

इथपर्यंतचे नियम कुठल्याही शहरातल्या दवाखान्याला लागू पडतील. आपल्या दोन जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आणखी तीन आजार उभे असतात. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. त्यामुळे ऑपरेशननंतर थंडी वाजून ताप आला तर तो जखमेचा, कोविडचा की मलेरियाचा, हे ठरवायला बोटातून रक्ताचा थेंब आधी घ्यावा. डेंगूची साथ असेल तर दुखण्यावर पॅरासिटामॉलच द्यावी. इतर बऱ्याच वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो.

तिसरा आजार सिकलसेल, आणि हाडांच्या ऑपरेशनात मला सर्वांत काळजी त्याचीच वाटते. ऑक्सिजन कमी पडला की या रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याचे रक्त असेच तुटते, म्हणून ऐन विशी-तिशीतली माणसे लंगडू लागतात. अशा शरीरात कोविडने ऑक्सिजन उतरवला, त्यात थिएटर थंडगार, रुग्ण सकाळपासून उपाशीतापाशी आणि रक्त थांबवायला मांडीला घट्ट पट्टा. यातली प्रत्येक गोष्ट पेशी वाकवणारी आहे. म्हणून सलाइन आधीपासून सुरू, अंगावर ऊबदार पांघरूण, पट्टा टाळायचा किंवा अगदी थोडा वेळ, आणि बोटाला ऑक्सिमीटर सतत. सिकलसेलने झिजलेला खुबा बदलायचा असेल तर साथ ओसरेपर्यंत थांबावे.

थांबण्याची किंमत मात्र इथे जास्त आहे. शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी रुग्णालयात किंवा हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात मोठ्या शस्त्रक्रियांसाठी बाहेरून डॉक्टर येतात, शिबिरे होतात. प्रवास बंद झाला की अशी सोय सर्वांत आधी खंडित होते. म्हणून पुढे ढकललेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव, गाव आणि आशाताईचा फोन एका वहीत असलाच पाहिजे. ती वही नसेल तर ‘पुढे ढकलले’ म्हणजे ‘सोडून दिले’.

आणि गावातले काम. बांबूच्या कामट्या लावून, लुगड्याच्या पट्टीने पाय बांधून, खाटेवरून आणणे हा चांगला प्रथमोपचार आहे. धोका असतो तो आवळून बांधण्यात. बांधल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडा: पांढरे झालेले नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. बोटे थंड, बधिर किंवा काळपट वाटली तर पट्टी तिथल्या तिथे सैल करा. साथीला घाबरून घरात ठेवलेला असा पाय पुढे कापावा लागू शकतो. तेव्हा १०८ ला फोन करा, मास्क लावा, घरात सिकलसेलचे कार्ड असेल तर ते सोबत घ्या, आणि त्याच दिवशी निघा.