गुणवत्ता कोणाच्या अंगणात वाढते? : दक्षिण आफ्रिकी क्रिकेटमधील कोट्याचा वाद

राष्ट्रीय संघ केवळ गुणवत्तेवर निवडला जावा, या तत्त्वाला उघड विरोध करणारा माणूस क्रीडाविश्वात सहसा भेटत नाही. मतभेद सुरू होतात ते गुणवत्ता ओळखायची कशी, ती मोजण्याचा अधिकार कोणाचा आणि ती जिथे घडते त्या शाळा, मैदाने व प्रशिक्षक यांची वाटणी झाली कशी, या प्रश्नांपाशी. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेटमध्ये हे प्रश्न सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या ना त्या रूपात विचारले जात आहेत. त्या इतिहासात एक गोष्ट विशेष लक्ष वेधून घेते. ‘फक्त गुणवत्ता’ ही मागणी १९७१ मध्ये वर्णद्वेषी राजवटीच्या विरोधात केली गेली होती. पुढे तीस वर्षांच्या आत तीच मागणी, त्याच शब्दांत, वर्णद्वेषाचे परिणाम पुसू पाहणाऱ्या धोरणाच्या विरोधात होऊ लागली. एकाच शब्दाचा हा प्रवास समजून घेतल्याखेरीज कोट्याच्या बाजूने किंवा विरोधात कौल देणे उतावळेपणाचे ठरेल.

नाव नसलेला कोटा

कृष्णवर्णीय आफ्रिकी लोकांना क्रिकेटची परंपराच नव्हती, हा दीर्घकाळ पसरवला गेलेला समज इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकात केप वसाहतीच्या पूर्व भागात मिशनऱ्यांनी चालवलेल्या लव्हडेल, हील्डटाउन यांसारख्या शाळांतून खोसा भाषक मुलांमध्ये हा खेळ रुजला होता आणि केप टाउनच्या मलाय मुस्लिम वस्तीतही तो आवडीने खेळला जात होता. याच वस्तीतील क्रॉम हेन्ड्रिक्स या वेगवान गोलंदाजाने १८९२ मध्ये इंग्लंडच्या पाहुण्या संघाविरुद्ध आपली छाप पाडली, त्यामुळे १८९४ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांचे नाव पुढे आले. परंतु केप वसाहतीचे पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स आणि त्यांचे सहकारी विल्यम मिल्टन यांच्या विरोधामुळे ते वगळले गेले. वगळण्यामागे खेळाचे कोणतेही कारण नव्हते.

कसोटीपटू चार्ली लेवेलिन यांच्या मिश्र वंशाविषयीची चर्चा बाजूला ठेवली, तर १८८९ मधील पहिल्या कसोटीपासून १९७० पर्यंत दक्षिण आफ्रिकेचा अधिकृत संघ केवळ गोऱ्यांचा राहिला. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आल्यानंतर या रिवाजाला कायद्यांची जोड मिळाली. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक नागरिकावर वंशाचा शिक्का मारला आणि त्याच वर्षीच्या समूह क्षेत्र कायद्याने कोणत्या वंशाच्या लोकांनी शहराच्या कोणत्या भागात राहायचे, हे ठरवून दिले. या दुसऱ्या कायद्याचा खेळावर झालेला परिणाम फार खोल होता, कारण वस्ती हलली की शाळा, क्लब आणि हिरवळीचे मैदान मागेच राहत असे आणि नव्या वस्तीत त्यांची जागा बहुधा ओसाड माती घेत असे.

केप टाउनमध्ये १९३१ साली जन्मलेले बेसिल डॉलिव्हेरा ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, या सरकारी वर्गात मोडत असल्यामुळे त्यांना मायदेशाकडून कसोटी खेळण्याचा मार्गच उरला नव्हता. १९६० मध्ये ते इंग्लंडला गेले, १९६६ मध्ये इंग्लंडचे कसोटीपटू झाले आणि ऑगस्ट १९६८ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा काढूनही दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या मूळ संघातून वगळले गेले. टॉम कार्टराइट यांच्या माघारीनंतर त्यांची निवड झाली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फॉर्स्टर यांनी असा संघ स्वीकारण्यास नकार दिला आणि दौरा रद्द झाला. पुढील दोन दशकांच्या क्रीडाबहिष्काराची पायाभरणी या प्रकरणाने केली.

१९७१ : गुणवत्तेचा पहिला अर्थ

१९७० मध्ये ऑस्ट्रेलियाला ४-० असे हरवणारा दक्षिण आफ्रिकी संघ त्या काळातील सर्वोत्तम संघांपैकी एक मानला जात होता, पण त्याच्यासमोर सामनेच उरले नव्हते. १९७१ च्या नियोजित ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी दोन गौरेतर खेळाडू घेण्याची परवानगी गोऱ्यांच्या क्रिकेट संघटनेने मागितली आणि सरकारने ती नाकारली. ३ एप्रिल १९७१ रोजी केप टाउनच्या न्यूलँड्स मैदानावर माइक प्रॉक्टर यांनी बॅरी रिचर्ड्स यांना एका देशांतर्गत सामन्याचा पहिला चेंडू टाकला, त्यावर एक धाव निघाली आणि लगेच सर्व खेळाडू मैदानाबाहेर गेले. क्रिकेटच्या मैदानावर गुणवत्ता हाच एकमेव निकष असावा, असे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले. सत्ताधाऱ्यांच्या धोरणाला जाहीरपणे आव्हान देणारी ती धाडसी कृती होती.

तथापि, त्याच वेळी गौरेतरांच्या क्रिकेट संघटनेचे नेते हसन होवा यांनीही दोन खेळाडूंचा प्रस्ताव नाकारला होता, ही बाब सहसा विसरली जाते. मेहेरबानी म्हणून मिळणाऱ्या दोन जागा त्यांना नको होत्या. निवडही गुणवत्तेवर हवी होती आणि त्या निवडीपर्यंत पोहोचण्याची संधीही सर्वांना समान हवी होती. समाजच विकृत असेल तर त्यातील खेळ निकोप राहू शकत नाही, ही भूमिका पुढे दक्षिण आफ्रिकी क्रीडा परिषदेचे घोषवाक्य बनली. गोऱ्या खेळाडूंच्या निवेदनात गुणवत्तेचा विचार निवड समितीच्या खोलीपासून सुरू होत होता. होवा यांच्या विचारात तो वस्तीतल्या मैदानापासून सुरू होत होता. पुढे जो वाद झाला, त्याचे बीज या फरकात आहे.

एकीकरण आणि आकडे

१९९१ मध्ये दोन्ही बाजूंच्या संघटना एकत्र येऊन युनायटेड क्रिकेट बोर्ड स्थापन झाले आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताविरुद्ध एकदिवसीय सामना खेळून दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली. १९९२ च्या विश्वचषकासाठीच्या चमूत ओमर हेन्री हे एकटेच गौरेतर खेळाडू होते आणि भारताविरुद्धच डर्बन येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेव्हा त्यांचे वय चाळीस वर्षे होते. मखाया एन्टिनी हे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी कसोटीपटू मार्च १९९८ मध्ये संघात आले. नोव्हेंबर १९९८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतील पहिल्या कसोटीत मात्र पुन्हा केवळ गोऱ्यांचा संघ उतरला आणि वर्णद्वेष संपून चार वर्षे झाल्यानंतरचे ते चित्र अनेकांना असह्य वाटले. त्यानंतर गौरेतर खेळाडूंच्या समावेशासाठी संख्या ठरवण्याचे धोरण आकाराला आले.

येथे दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘कोटा’ म्हणजे पाळलीच पाहिजे अशी किमान संख्या, तर ‘लक्ष्य’ म्हणजे ठरावीक कालावधीत गाठावयाची अपेक्षित पातळी, जी एखाद्या सामन्यात चुकली तरी चालते. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेचे नववे कलम भेदभावाने मागे पडलेल्यांच्या उन्नतीसाठी विशेष उपाय योजण्यास मुभा देते. १९९८ चा रोजगार समता कायदा संख्यात्मक उद्दिष्टांना मान्यता देतो, पण कोट्याला स्पष्टपणे वगळतो. कायद्याला हा भेद महत्त्वाचा वाटला, तरी संघात निवडल्या गेलेल्या किंवा वगळल्या गेलेल्या खेळाडूच्या दृष्टीने तो बहुधा धूसरच राहिला.

निवडीची किंमत

जॅक रुडॉल्फ यांची कहाणी कोट्याच्या विरोधकांकडून सर्वाधिक सांगितली जाते. नोव्हेंबर २००१ मध्ये भारताविरुद्धच्या सेंच्युरियन कसोटीत ते खेळले. पण सचिन तेंडुलकर यांच्यासह सहा भारतीय खेळाडूंना सामनाधिकारी माइक डेनिस यांनी केलेल्या शिक्षेवरून उठलेल्या वादळात त्या सामन्याचा कसोटी दर्जाच काढून घेतला गेला. जानेवारी २००२ मध्ये सिडनी येथे त्यांची निवड पुन्हा झाली, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष पर्सी सॉन यांनी ती रोखून मिश्रवंशीय जस्टिन ऑन्टाँग यांना खेळवले. रुडॉल्फ यांनी २००३ मध्ये चितगाव येथे अधिकृत पदार्पणातच नाबाद २२२ धावा काढल्या, हे पुढे अनेकदा पुरावा म्हणून मांडले गेले.

परंतु त्याच प्रसंगाची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. एकवीस वर्षांच्या ऑन्टाँग यांना आपली निवड फलंदाजीमुळे झाली की रंगामुळे, या संशयाचे ओझे घेऊन सिडनीच्या मैदानावर उतरावे लागले आणि त्यांची कसोटी कारकीर्द दोन सामन्यांपलीकडे गेली नाही. २००८ मध्ये चार्ल लँगेव्हेल्ट यांची आंद्रे नेल यांच्याऐवजी भारत दौऱ्यासाठी निवड झाली, तेव्हा त्या निवडीभोवती उठलेल्या वादामुळे लँगेव्हेल्ट यांनी स्वतःहून माघार घेतली. २०१५ च्या विश्वचषकात ऑकलंड येथील उपांत्य सामन्यात लयीत असलेल्या काइल ॲबट यांच्याऐवजी दुखापतीतून सावरणारे व्हर्नन फिलँडर खेळले आणि संघ हरला. वरून हस्तक्षेप झाल्याचा आरोप मंडळाने नाकारला, तरी फिलँडर यांच्यासारख्या सिद्ध गोलंदाजाच्या नावाला तो वाद कायमचा चिकटला. नाकारल्या गेलेल्या गोऱ्या खेळाडूचे नुकसान उघड दिसते. निवडल्या गेलेल्या गौरेतर खेळाडूचे नुकसान मात्र मोजले जात नाही, कारण त्याचे प्रत्येक अपयश धोरणाच्या खात्यावर लिहिले जाते आणि यशाकडे अपवाद म्हणून पाहिले जाते.

२०१६ मध्ये क्रीडामंत्री फिकिले म्बालुला यांनी परिवर्तनाची उद्दिष्टे न गाठल्याबद्दल क्रिकेट, रग्बी, नेटबॉल आणि ॲथलेटिक्स या खेळांच्या संघटनांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या यजमानपदासाठी दावा करण्यास बंदी घातली. त्याच वर्षी क्रिकेट मंडळाने हंगामाच्या सरासरीने संघात किमान सहा गौरेतर आणि त्यांपैकी किमान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू असावेत, असे लक्ष्य जाहीर केले. पुढच्याच जानेवारीत ॲबट यांनी ‘कोल्पाक’ करार करून इंग्लंडमधील हॅम्पशायर काउंटीची वाट धरली. युरोपीय न्यायालयाच्या २००३ च्या निकालावर आधारलेल्या या करारामुळे दक्षिण आफ्रिकी खेळाडूंना राष्ट्रीय संघावर पाणी सोडून काउंटीत स्थानिक खेळाडू म्हणून खेळता येत असे. या स्थलांतरामागे कोट्याइतकेच पौंडाचे आकर्षण आणि काउंटीतील स्थैर्यही होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

मैदानाचा प्रश्न

२०२२ च्या जनगणनेनुसार दक्षिण आफ्रिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय आफ्रिकी ८१.४ टक्के, मिश्रवंशीय ८.२ टक्के, गोरे ७.३ टक्के आणि भारतीय व अन्य आशियाई वंशाचे २.७ टक्के आहेत. या आकड्यांशेजारी कृष्णवर्णीय आफ्रिकी क्रिकेटपटूंच्या शाळांची नावे ठेवली की चित्र स्पष्ट होते. एम्डिंगी या खेड्यातील एन्टिनी मंडळाच्या विकास योजनेतून डेल कॉलेजमध्ये पोहोचले. कगिसो रबाडा सेंट स्टिथियन्समधून, लुंगी एन्गिडी शिष्यवृत्तीवर हिल्टन कॉलेजमधून आणि टेम्बा बवुमा जोहान्सबर्गच्या सेंट डेव्हिड्समधून पुढे आले. रग्बीतील सिया कोलिसी यांनाही झ्वाइड या वस्तीतून ग्रे हायस्कूलच्या शिष्यवृत्तीनेच बाहेर काढले. या शाळा पूर्वापार गोऱ्यांच्या किंवा भरमसाट शुल्काच्या आहेत. म्हणजे राष्ट्रीय संघ ज्या दारातून आत येतो ते दार तीस वर्षांनंतरही मोजक्या शाळांच्या आवारातच आहे. वस्तीतला मुलगा त्या आवारात नेला गेला तरच त्याची गुणवत्ता दिसते.

यावरून दोन्ही पक्षांच्या मांडणीतील उणीव उघड होते. केवळ गुणवत्तेचा आग्रह धरणारे लोक अंतिम अकरा जणांच्या यादीवर बोट ठेवतात, पण ज्या मुलाला टर्फची खेळपट्टी कधी मिळालीच नाही, त्याची गुणवत्ता कोणत्या आकड्यात मोजायची, याचे उत्तर देत नाहीत. कोट्यावर विसंबणारे प्रशासक त्याच यादीतील डोकी मोजून समाधान मानतात. संघाचे छायाचित्र बदलले की परिवर्तन झाल्याचे जाहीर करता येते, आणि वस्तीत मैदान, प्रशिक्षक व शाळांच्या स्पर्धा उभ्या करण्याचे खर्चिक, संथ काम मागे पडते. कोट्याने निवड समितीचे बंद दार उघडले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे, कारण ते दार आपोआप उघडल्याचा दाखला सव्वाशे वर्षांच्या इतिहासात नाही. पण दाराबाहेरचा रस्ता बांधण्याचे काम कोटा करू शकत नाही.

दार उघडल्यानंतर आत काय घडते, हाही प्रश्न उरतो. १०१ कसोटींत ३९० बळी घेणाऱ्या एन्टिनी यांनी २०२० मध्ये सांगितले की, संघासोबत बसमध्ये प्रवास करताना वाटणारा एकाकीपणा टाळण्यासाठी ते हॉटेलपासून मैदानापर्यंत धावत जात असत. २०२१ मध्ये दुमिसा एन्ट्सेबेझा यांच्या अध्यक्षतेखाली क्रिकेटमधील वंशभेदाविषयी झालेल्या सुनावणीत माजी खेळाडू पॉल ॲडम्स यांनी संघातील गाण्यात आपला उल्लेख वर्णवाचक शिवीने होत असल्याचे सांगितले आणि माजी यष्टिरक्षक मार्क बाउचर यांनी त्याबद्दल क्षमा मागितली. संख्या पूर्ण झाली तरी सन्मान मिळतोच असे नाही.

१४ जून २०२५ रोजी लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरवत दक्षिण आफ्रिकेने कसोटी जगज्जेतेपद मिळवले. एडन मार्करम यांच्या १३६ धावा, रबाडा यांचे नऊ बळी आणि मांडीचा स्नायू दुखावलेला असताना कर्णधार बवुमा यांनी काढलेल्या ६६ धावा यांतून तो विजय उभा राहिला. त्या अकरा जणांत तीन कृष्णवर्णीय आफ्रिकी आणि केशव महाराज हे भारतीय वंशाचे एक खेळाडू होते, म्हणजे सहाची सरासरी त्या दिवशी गाठलेली नव्हती. तरी कर्णधाराच्या जागेविषयी वर्षानुवर्षे विचारला गेलेला प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. बवुमा यांचे बालपण केप टाउनजवळच्या लांगा वस्तीत गेले. तिथल्या रस्त्यांवर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी डांबर नीट नसल्यामुळे चेंडू वेडावाकडा उडणाऱ्या भागाला ‘कराची’ म्हटले होते आणि गुळगुळीत भागाला ‘लॉर्ड्स’ हे नाव दिले होते, असे त्यांनी सांगितले आहे. त्या रस्त्यावरून खऱ्या लॉर्ड्सपर्यंत एक मुलगा पोहोचला, याचा आनंद मोठा आहे. पण ज्या दिवशी लांगातल्या मुलांना डांबराच्या तुकड्याला मैदानाचे नाव द्यावे लागणार नाही, त्या दिवशी संघातील डोकी मोजण्याची गरज संपेल आणि हसन होवा यांनी मागितलेली गुणवत्ता दक्षिण आफ्रिकेत प्रथमच अस्तित्वात येईल.